खालचा कागद

१

दुपारचं जेवण झालं की मी बायकोला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवतो, पायांवर चादर टाकतो आणि मागच्या खोलीत जातो. दार लोटून घेतो. दिवे लावायच्या वेळेपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. घरात सगळे म्हणजे आता ती एकटीच.

आधी मी लोकांच्या भिंतींना कागद लावायचो. फुलांचे, पट्ट्यांचे, चमकीचे. माझ्या कागदाखाली कधी हवेचा फुगा राहिला नाही, दोन पट्ट्यांमधला जोड कुणाला सापडला नाही. उजव्या अंगठ्याचं टोक एकदा पात्यानं नेलं, तेवढंच नुकसान. पुढे माझे गुडघे गेले, शिडी सुटली, काम सुटलं. हात सुटला नाही. मग उरलेले तुकडे फळीवर चिकटवून चित्रं करायला लागलो. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या थंडीत तिला झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं वाचलं. हात परत आला, पाय आला नाही. डॉक्टर म्हणाले, सकाळ-दुपार व्यायाम हवा. गुडघा वर, गुडघा खाली. नाहीतर तो आखडेल आणि बाई कायमच्या अंथरुणात जातील. सकाळी नर्सबाई येते. दुपारी घरच्यांनी करायचं. दुपारी माझं काम असतं. तसं मी नर्सबाईला सांगितलं होतं.

भिंत पातळ आहे. काम करताना तिचं बोलणं ऐकू येतं. शब्द कळत नाहीत, आवाज कळतो. दुपारी ती बहिणीशी फोनवर बोलते. बोलते, थांबते, हसते, पुन्हा बोलते. पंख्याच्या आवाजाची व्हावी तशी मला त्याची सवय झालेली आहे.

त्या दिवशीही ती बोलत होती. मध्येच म्हणाली, "हळू." हा एक शब्द मला स्वच्छ कळला. मी एका तुकड्याला खळ लावत होतो. लावता लावता नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली.

फोन तिथं होता. सकाळी मीच तो चार्जिंगला लावला होता, माझ्या खोलीत.

२

हात पुसले आणि पुढच्या खोलीत गेलो. ती खुर्चीत बसलेली, चेहरा खिडकीकडे. दुसरं कुणी नव्हतं. बाहेरच्या दाराची कडी आतून लागलेली होती.

"कुणाशी बोलत होतीस?"

"घरात आणखी कोण आहे?" ती हसली. हसली की तिच्या ओठाजवळचा तीळ वर चढतो. "असं काय विचारता?"

 आजारपणात माणसं स्वतःशी बोलतात. माझी आई भांड्यांशी बोलायची. तेवढ्यावर मी विषय सोडला आणि परत फिरलो.

फिरताना चादर दिसली. ती तिच्या पायांवर नव्हती. घडी करून पलीकडच्या पलंगावर ठेवलेली होती. खुर्चीतून तिचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही. घडीही माझ्यासारखी होती, कडेला कड, मधे सुरकुती नाही. तिला तशी घडी कधीच जमली नाही. त्यावरून आमची भांडणं झालेली आहेत.

मीच जेवणानंतर चादर टाकायला विसरलो असेन. असं होतं.

३

चित्राचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी आधी काही ठरवत नाही. ठरवलं की हात लाकडासारखा होतो. फळीवर हाताला येईल तो रंग ओततो. फळी तिरकी करतो, रंग जाईल तिकडे जाऊ देतो. मग पेटीत न बघता हात घालतो. भिंतीचे जुने कागद, बिस्किटांची वेष्टणं, उशीचा अभ्रा, पॉलिशपेपर, सुतळी. येईल ते फाडतो. कात्री वापरत नाही. कात्रीची कड मेलेली असते. तुकडा चिकटवायचा, वर रंग, रंगावर दुसरा तुकडा, आणि तो वाळायच्या आत पत्र्यानं अर्धा खरवडून काढायचा. खालचं थोडं वर येतं. कुठं थांबायचं ते हाताला कळतं. मला नंतर कळतं.

एकदा पेटीतून तिचा लग्नाआधीचा मोठा फोटो हाताला आला. तो पेटीत कसा गेला माहीत नाही. हाताला आला म्हणजे आला. फाडला आणि लावला. संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत. तिथं तरी तुमच्या डोळ्यांसमोर राहीन."

आता खालचा कागद. तुकड्याला खळ लावायची तर तो पालथा करून एका रद्दी कागदावर ठेवावा लागतो. ब्रश मधून बाहेर मारायचा. तो कडेच्या बाहेर जातो, जायलाच हवा, नाहीतर कड सुटते. तुकडा उचलला की खालच्या कागदावर त्याची जागा कोरी राहते आणि भोवती खळीचा पट्टा उमटतो. खळीत मी चिमूटभर निळा रंग घालतो, म्हणजे कुठं लागली नाही ते दिसतं. भिंतीच्या कामातली सवय. तुकडा पालथा, म्हणून खालच्या कागदावर सगळं उलटं पडतं. उजवं तिथं डावीकडे जातं. एकच मोठा कागद मी पुष्कळ दिवस वापरतो. आकारावर आकार पडत जातात. त्याच्याकडे कुणी बघत नाही. कामाच्या खालचा कागद, बस.

फ्रेमवाला चित्र न्यायला आला. कोपऱ्यावर त्याचं काचांचं दुकान आहे, त्यात तो माझी चित्रं टांगतो. जीभ सैल आहे, पण काम चोख करतो.

"मिस्त्री, हे कशाचं आहे?"

"चित्र आहे."

"ते दिसतंय हो. कशाचं?"

"कशाचं नाही."

"गिऱ्हाईक विचारतं. मागचं मी बंदर म्हणून सांगितलं. लगेच घेऊन गेला."

"ते बंदर नव्हतं."

"आता आहे. त्याच्या बैठकीत बंदर म्हणूनच लागलंय." तो हसला आणि टेबलाशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "पण हे मात्र झकास केलंत. ह्याला मी गिऱ्हाईक शोधणारसुद्धा नाही, मीच ठेवतो."

तो खालच्या कागदाकडे बघत होता.

"रद्दी आहे ती."

"रद्दी? अहो, ही तुमची पुढची खोली. ही खिडकी. ही खुर्ची. खुर्चीत वहिनी. मान बघा ना, जरा कलती, अगदी तशीच." त्यानं बोट हवेतच फिरवलं. "आणि मागे हे उभं कोण आहे?"

मला निळे डाग दिसत होते. मग त्याचं बोट जिथं थांबलं होतं तिथं पाहिलं, आणि मला डाग दिसेनात. खिडकी दिसली. खुर्ची दिसली. खुर्चीमागे एक माणूस उभा होता. कोरा. खळ नुसती त्याच्या भोवती होती.

"विकायचं नाही," मी म्हणालो.

"नका विकू. रद्दी आहे ना, फुकट द्या."

मी त्याला दारापर्यंत पोहोचवलं.

४

सकाळी नर्सबाई आली. ती पायऱ्या चढतानाच बोलायला लागते.

"चला आजी, दाखवा कमाल. गुडघा वर. वर, वर... अरे वा." ती माझ्याकडे वळली. "आजोबा, मानलं तुम्हाला. मला म्हणाला होतात, दुपारी वेळ नाही. आणि रोज चोरून व्यायाम करून घेता होय? पाय बघा किती सुधारलाय."

मी तिच्याकडे पाहिलं. नर्सबाईकडे नाही, बायकोकडे. ती खाली मान घालून गालात हसत होती. नवीन नवरीसारखी.

"काय सांगितलंस तू हिला?"

"जे आहे ते. रोज दुपारी येता, मागे उभे राहता, खांदा धरता, गुडघा वर घ्यायला लावता. बोलत तेवढं नाही." मग नर्सबाईकडे वळून, "बोलायचे पैसे पडतात यांना."

नर्सबाई हसली. मी हसलो नाही.

"फक्त हात पुसून येत जा हो," बायको मला म्हणाली. "ओले असतात. गारगार. हा गाऊन बघा."

गाऊनच्या खांद्यावर वाळलेली खळ होती. निळसर. चार बोटं आणि एक अंगठा, असा डाग.

मी नाही म्हणालो नाही. नर्सबाईच्या तोंडावर शाबासकी परत कशी करायची? आणि खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती. काम लागलं की मला भान राहत नाही. हात काय करतो ते मला नंतर कळतं, हे मीच सगळ्यांना अभिमानानं सांगत आलोय. मग पायांनीही तसंच केलं असेल तर? उठत असेन, पुढच्या खोलीत जात असेन, तिचा व्यायाम करून परत येत असेन. वय झालं. असं होत असेल.

पण मग तिचं बोलणं मला भिंतीपलीकडून कसं ऐकू येतं?

५

त्या दुपारी मी दाराला आतून कडी घातली. कडी जुनी आहे, गंजलेली. ओढली की किंचाळते. विसरून उघडली तरी तिच्या आवाजानं माणूस भानावर येईल.

कामाला बसलो. फळीवर काळा ओतला. पेटीत हात घातला, पट्ट्यांचा कागद आला. फाडला, पालथा घातला, खळ लावली, उचलला, चिकटवला. दुसरा. तिसरा. हात चालायला लागला. बऱ्याच वेळानं पलीकडून तिचा आवाज आला. बोलली, थांबली. हसली. मग खुर्ची करकरली. तिच्या पायाचा घासल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "वर. हं. वर."

मी कडीकडे पाहिलं. कडी लागलेली होती. मी स्टुलावर बसलेला होतो. ब्रश हातात होता. ब्रशमधून खळ टपकत होती.

पलीकडे कुणीतरी खोकलं.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तसाच खोकतो. दोनदा कोरडा, मग घसा खाकरून एकदा. आयुष्यभर कागदाची धूळ नाकातोंडात गेली, तिचा खोकला आहे तो. दुसऱ्या कुणाचा तसा असू शकेल. जगात खोकणारे पुष्कळ आहेत.

मी उठलो नाही. का उठलो नाही, ते मला सांगता येत नाही. कडी उघडून चार पावलं गेलो असतो तर काय ते समजलं असतं. त्याऐवजी मी खालच्या कागदाकडे पाहिलं.

उभ्या माणसाचा हात आता तिच्या खांद्यावर होता. फ्रेमवाला आला तेव्हा तो नव्हता. नुकत्याच उचललेल्या तुकड्यांनी तो कोरा ठेवला होता. चार बोटं लांब, अंगठा आखूड. टोक नसलेला.

मी माझा उजवा हात त्याच्यावर पालथा ठेवला. जुळला नाही. अंगठा भलतीकडे जात होता. तो डावा हात होता.

मी हात उताणा केला. तळवा वर. आणि ठेवला.

भिंतीच्या कागदाचा जोड मी आयुष्यात कधी इतका तंतोतंत जुळवला नव्हता. कुठंही निळं दिसत नव्हतं.

पलीकडे ती हसली.

६

दुसऱ्या दिवशी काम बंद. खालचा कागद गुंडाळून फळ्यांच्या मागे टाकला. खळ मोरीत ओतली. दुपारी वर्तमानपत्र घेऊन तिच्या समोर बसलो.

ती खिडकीबाहेर बघत होती. जरा वेळानं म्हणाली, "आज येणार नाही का?"

"हा काय इथं बसलोय."

"हो, बसलाय. दिसतंय." ती थांबली. "पण येणार नाही का?"

मी उठलो. तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. खांद्यावर हात ठेवला. चुलीजवळून एकदम मांजर उठावं तशी ती दचकली.

"कोण आहे?"

"मी. आणखी कोण?"

तिनं तिरकी नजर करून माझ्या हाताकडे पाहिलं. "हा नाही. दुसरा."

मी डावा ठेवला. तिनं बोटं चाचपली. अंगठ्यापाशी आली, त्याचं टोक दाबून पाहिलं. टोक होतं. तिनं माझा हात हळूच खाली काढून ठेवला, दुकानात न आवडलेली वस्तू ठेवतात तसा.

तरी मी व्यायाम घेतला. गुडघा वर म्हटलं. गुडघा वर येईना. पुन्हा म्हटलं. आवाज चढला असेल. ती रडली नाही, चिडली. "तुम्हाला नाही जमत. दुपारी किती छान घेता."

"दुपारच आहे ही."

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

असे बरेच दिवस गेले. मी रोज घेत होतो. पाय रोज जड होत होता. नर्सबाईनं एका सकाळी गुडघा हातात घेतला आणि तिची बडबड थांबली. मला बाहेरच्या पायऱ्यांवर घेऊन गेली.

"आजोबा, काय झालं? किती चांगलं चाललं होतं. दुपारचं बंद केलंत का?"

"मी घेतोय."

"मग आधी घ्यायचात तसं घ्या ना. पुढच्या तपासणीला असाच राहिला तर डॉक्टर आशा सोडतील. मग उचलायला दोन माणसं लागतील, सांगून ठेवते."

ती गेली. मी पायऱ्यांवर उभा राहिलो. माझं म्हणणं एवढंच होतं की ती चालावी. कुणी चालवलं ह्याची चौकशी बाहेरचे करतील, मी कशाला करू? असं मी स्वतःला समजावलं. पटलं की नाही, ते कळलं नाही. आत जाऊन पातेल्यात मैदा घेतला. खळ शिजवली. निळा रंग घातला.

७

जुना खालचा कागद फळ्यांमागून काढून टेबलावर पसरला. नवा का घेतला नाही? नवा घेऊन काय होईल ते मला माहीत नव्हतं. जुन्याचं थोडं तरी माहीत होतं.

दाराला कडी घातली. दुपारभर काम केलं. रोज केलं. इतकं मी कधीच केलं नव्हतं. हाताला येईल ते फाडलं. मागच्या खोलीतला पडदा फाडला, माझा जुना शर्ट फाडला, नमुन्यांचं जाड पुस्तक शेवटपर्यंत फाडलं. फळीवर काय होतंय ते बघत नव्हतो. खालच्या कागदावर काय होतंय तेही बघत नव्हतो. कान पलीकडे होते.

पहिल्याच दुपारी खोकला आला. ती म्हणाली, "कुठं होता इतके दिवस?" शब्द न् शब्द कळला.

मग एके दुपारी खुर्ची करकरली आणि नेहमीसारखी पुन्हा करकरली नाही. ती परत बसली नव्हती. पाय घासला. थांबला. पुन्हा घासला. त्या पावलाबरोबर दुसरी पावलं होती. दमानं टाकलेली, गुडघे दुखणाऱ्या माणसाची. ती दोन खोल्यांमधल्या बोळात आली. माझ्या दाराशी आली.

"अहो, उघडा. बघा कोण आलंय."

मी कडीवर हात ठेवला. खळीनं तो घसरला.

मग दुसरीकडे तोंड केल्यासारखा, उतरलेला तिचा आवाज आला, "थांबा हो जरा. उघडतील."

ती कुणाला कुणाबद्दल सांगतेय ते मला कळत होतं. तरी वाटलं, आपलं ऐकण्यात काहीतरी चुकतंय. कडी ओढली. ती किंचाळली.

ती उभी होती. आधाराशिवाय, दारात, स्वतःच्या दोन पायांवर. चेहऱ्यावर घाम आणि हसू. कोपराजवळ गाऊन ओला होता. तिच्या खांद्यावरून मला बोळाच्या टोकाशी पुढच्या खोलीचं दार दिसलं, आणि त्या दारातून आत जाणारी एक पाठ. पूर्ण नाही. एक खांदा, मानेमागचे पांढरे केस, शर्टाची कॉलर. मग पडदा हलला.

आपली पाठ माणूस कधी बघत नाही. त्यामुळे ती कुणाची होती ते मला छातीठोक सांगता येणार नाही.

"आता तरी शाबास म्हणा," ती म्हणाली.

"शाबास," मी म्हणालो.

८

आता ती चालते. घरभर चालते. चहा करते. चादरीची घडी करते, कडेला कड.

नर्सबाई पाहायला आली तेव्हा टाळ्या वाजवत आली. तिनं बायकोला घरभर फिरवलं. मग नर्सबाईचं बोलणं हळूहळू कमी झालं.

"आजी, जरा परत चाला." तिनं खाली वाकून बघितलं. उजवं पाऊल जरासं घासत होतं. "तुमचा डावा पाय ना?"

"उजवा गं," ती म्हणाली. "पहिल्यापासून उजवा."

"फाइलमध्ये डावा लिहिलंय. मीसुद्धा डाव्याचंच मालीश करायचे..." तिनं स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून पाहिले, मालीश करताना धरायची तसे. "हो ना, आजोबा? डावाच होता ना?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मला आठवत होतं की डावा. झटका आला त्या दिवशी ती कुठल्या बाजूला कलंडली, ते मी पाहिलं होतं. मग वाटलं, मी समोर उभा होतो. समोरच्या माणसाचं डावं आपल्याला उजवीकडे दिसतं. की मी मागे होतो?

"फाइल माणसंच लिहितात," मी म्हणालो.

नर्सबाई गेली. बायको माझ्यासमोर बसून हसली. ओठाजवळचा तीळ वर चढला. उजवीकडचा. मी तिच्याकडे इतका वेळ बघत राहिलो की ती लाजली.

तीळ कुठल्या बाजूला होता? सगळा जन्म त्या तोंडासमोर जेवलो. कुठलाही कागद एकदा पाहिला की त्याचं फूल कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते माझ्या ध्यानात राहायचं. तीळ कुठल्या बाजूला, ते मला सांगता येईना.

तिच्या ओळखपत्रावर चेहरा नखाएवढा, त्यात तीळ दिसत नाही. मोठा फोटो मी चित्रात लावला होता. ते चित्र घरातच होतं. ओल्या फडक्यानं भिजवलं आणि पत्र्यानं एकेक थर काढत गेलो. कपाळ आलं, डोळे आले. तोंडापाशी कागद पत्र्यालाच चिकटून निघाला. हातात लगदा राहिला.

दुपारी ती म्हणाली, "जा ना तुम्ही, तुमच्या कामाला. मी आहे बरी." मी मागच्या खोलीत आलो. पलीकडे ती बहिणीशी बोलायला लागली. फोन आता तिच्याकडे असतो.

टेबलावर खालचा कागद होता, वाळून ताठ झालेला. बऱ्याच दिवसांनी मी त्याच्याकडे नीट पाहिलं.

खिडकी होती. खुर्ची होती. खुर्चीमागे कुणी नव्हतं, सगळं निळं. पण खुर्ची रिकामी नव्हती. ती तिथंच होती, कलत्या मानेची, चेहरा खिडकीकडे. पायांवरची चादर तेवढी घसरलेली.

 मग स्टूल ओढलं. पाणी घेऊन तिच्या खांद्याजवळची खळ ओली केली आणि उजवा हात उताणा करून तिथं ठेवला. गार लागलं.

तेव्हापासून चित्र केलेलं नाही. फ्रेमवाला विचारून गेला, त्याला सांगितलं, काम चालू आहे. दुपारी जेवण झालं की मी मागच्या खोलीत येतो, कडी घालतो, हात ठेवतो. बोलायची सवय नाही, पण बोलतो. कुणी ऐकू नये म्हणून हळू बोलतो. वर, म्हणतो. हं. वर.

काल डावा गुडघा जरासा हलल्यासारखा वाटला.